एक संध्याकाळ उशीर, आठवडाभर खोळंबा: सोलापूरच्या एका विखुरलेल्या टीमचं प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक मध्यम आकाराचा टॉवेल कारखाना. रॅपियर माग, त्यांतल्या काहींवर नक्षी विणणारं इलेक्ट्रॉनिक जेकार्ड, स्वतःचं शिलाई आणि पॅकिंग खातं. सुताची रंगाई बाहेर, चिंचोळी एमआयडीसीतल्या एका डाइंगवाल्याकडे. माल बहुतेक निर्यातीचा. मालकांनी लिहायला परवानगी दिली ती नावं न छापण्याच्या अटीवर, म्हणून इथं प्रत्येकाची ओळख त्याच्या कामानंच होईल.

हे प्रकरण नमुन्यांचं आहे. परदेशातला खरेदीदार ऑर्डर देण्याआधी नमुना मागतो: अमुक आकार, अमुक जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), या छटा, ही बॉर्डर. तोच निरोप त्यानं पानिपत आणि करूर या कापडाच्या दुसऱ्या गावांनाही पाठवलेला असतो. ज्याचा नमुना वेळेत आणि बरोबर पोचतो, त्याच्याशी भावाची बोलणी सुरू होतात. नमुना हुकला की माग कितीही चांगले असोत, त्या हंगामापुरता विषय संपला. सोलापुरात टॉवेल उत्तम विणणारे हात भरपूर आहेत. आपण मागे पडतो ते नमुना हातात पडेपर्यंतच्या वाटेवर, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटलं.

2020च्या टाळेबंदीआधी हे बहुतेक काम कारखान्यातच व्हायचं. डिझाइन करणाऱ्या मॅडम वरच्या केबिनमध्ये, माग लावणारे-सांभाळणारे जॉबर खाली मागावर, मध्ये एक जिना. टाळेबंदीत कामं घरोघर गेली आणि त्यातली बरीच परत आलीच नाहीत. मॅडम लग्न होऊन पुण्याला गेल्या, काम मात्र त्यांनी सोडलं नाही. त्यांच्या चित्रावरून मागाला कळेल अशी फाईल करणारा कॅड ऑपरेटर इचलकरंजीत आहे, तो डिझाइनमागे पैसे घेतो. खरेदीदाराशी बोलणाऱ्या मर्चंडायझर मुंबईत. फोटो आणि ऑनलाइन कॅटलॉग करणारी मुलगी जुळे सोलापुरात, आपल्या घरी. डाइंग मास्टर चिंचोळीत. जॉबर अण्णा मागावर. आणि या सगळ्यांची मोट बांधणारा मालकांचा पुतण्या. सात माणसं, चार गावं, एक व्हॉट्सॲप ग्रुप, एक गुगल शीट, सोमवारी सकाळी एक व्हिडिओ कॉल. आपण आता आभासी टीम चालवणार, असं कुणी बसून ठरवलेलं नव्हतं. ती होत गेली.

सलग दोन हंगाम नमुने उशिरा जाऊ लागले. काही गेले ते चुकीच्या छटेत. एक जुना खरेदीदार गप्प झाला. मालकांचं निदान तयार होतं: "घरी बसून कुणी काम करत नाही. समोर असताना हीच माणसं धावत होती." त्यांनी उपायही केला. सकाळी दहाला सगळ्यांनी ग्रुपवर हजेरी द्यायची, सोमवारच्या कॉलला कॅमेरा चालू ठेवायचा, संध्याकाळी दिवसभराच्या कामाचा स्क्रीनशॉट टाकायचा.

महिनाभरात ग्रुप गजबजला. सकाळी हजेऱ्या, दुपारी "काम चालू आहे", संध्याकाळी स्क्रीनशॉट. नमुने होते तिथंच राहिले. उलट एक नवं दुखणं आलं. कामाचा निरोप त्या गर्दीत बुडू लागला. छटा मंजूर झाल्याचा मुंबईहून आलेला निरोप डाइंग मास्टरांनी दोन दिवसांनी पाहिला, कारण त्याच्या वर हजेऱ्यांचा ढीग होता. या टप्प्यावर पुतण्यानं मला बोलावलं.

मालकांचं म्हणणं मी झटकून टाकलं नाही. गटात माणसाचा जोर कमी होतो, हे जुनं निरीक्षण आहे. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. त्याचे आकडे 1913मध्ये छापून आले. आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येकाचा वाटा एकट्यानं ओढण्याच्या निम्म्यावर येत होता. आता यात दोन गोष्टी मिसळलेल्या असू शकतात. एक, सगळ्यांचे झटके एकाच क्षणी बसत नाहीत, म्हणून जोर वाया जातो. दुसरी, माणूस मनातूनच कमी ओढतो. 1974मध्ये इंगॅम आणि सहकाऱ्यांनी हे वेगळं करून पाहिलं. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी, मागे आणखी लोक ओढताहेत असा त्याचा समज, प्रत्यक्षात तो एकटाच. तरी जोर घटला. 1979मध्ये लॅटने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी टाळ्या आणि आरडाओरड्यावर हेच दाखवलं. पण त्याच मंडळींच्या 1981च्या कामात पुढची गोष्ट आली: प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखू येतोय हे माणसाला ठाऊक असलं की ही घट नाहीशी होते.

मालकांनी नेमकं हेच केलं नव्हतं का? वाटा ओळखू यावा म्हणूनच तर स्क्रीनशॉट. इथं मला त्यांच्याशी असहमत व्हावं लागलं. स्क्रीनशॉटनं ओळखू येते ती माणसाची उपस्थिती. नमुन्यातला त्याचा वाटा त्यातून दिसत नाही. मागाच्या शेडमध्ये एक माग बंद पडला की खडखडाटातला तेवढा ताल तुटतो आणि जॉबर मान वळवतो. या ग्रुपमध्ये मात्र काम थांबलं तरी आवाज होत नव्हता, आणि हजेऱ्यांचा गलका वाढवून तो होणारही नव्हता.

घरून काम म्हणजे आळस, हे समीकरणही टिकत नाही. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरवर निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी वाढली होती. तो निबंध 2015चा. पण कॉल सेंटरचं काम एकेकट्याचं. फोन घेतला, संपवला, मोजला. टॉवेलचा नमुना सात हातांतून जातो. त्यामुळे तो आकडा दाखवून मालकांना गप्प करणंही बरोबर झालं नसतं. इथं प्रश्न हातांचा कमी आणि हातांमधल्या सांध्यांचा जास्त होता.

म्हणून पुतण्याला एकच काम सांगितलं. मागच्या हंगामातल्या प्रत्येक नमुन्याचा माग काढायचा: तो कुणाच्या हातात किती काळ प्रत्यक्ष कामात होता आणि किती काळ नुसता पडून होता. ग्रुपचे जुने निरोप, ईमेल, जॉबरची वही, डाइंगच्या पावत्या, सगळं एकत्र लावलं. चित्र लख्ख होतं. कामाचा वेळ थोडा, पडून राहण्याचा फार. आणि पडून राहणं कुणा एकाकडे नव्हतं, ते दोघांच्या मधल्या जागेत होतं.

त्यातली सर्वांत मोठी जागा पुणे आणि माग यांच्यामधली. हे नीट समजून घ्यायला टेरी टॉवेल विणतात कसा ते थोडं सांगावं लागेल. टेरीला ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, दोन बीम (धागा गुंडाळलेले मोठे रूळ) लागतात. एक जमिनीचं, म्हणजे पायाच्या विणीचं, आणि एक पाईलचं, ज्यातून टॉवेलच्या अंगावरचे धाग्याचे फासे उठतात. रंगीत जेकार्ड टॉवेलची नक्षी या पाईलच्या रंगीत ताण्यातूनच येते. जेकार्ड इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे नक्षी बदलणं सोपं, फाईल बदलली की झालं. पण रंग बदलायचा तर बीम बदलायला हवं. चालू ऑर्डरचं बीम मध्येच कापून नमुन्याचं चढवणं परवडत नाही. म्हणून अण्णा काय करायचे, तर एक बीम संपून दुसरं चढवायच्या वेळी मध्ये नमुन्याचं छोटं बीम घालायचे. ती फट चुकली की पुढचं बीम संपेपर्यंत थांबायचं.

पुण्यातल्या मॅडमना हे माहीत नव्हतं. वरच्या केबिनमध्ये असताना माहीत असायची गरजच पडली नव्हती. अण्णा जिना चढून यायचे आणि म्हणायचे, "मॅडम, उद्या बीम उतरतंय, फाईल द्या." पुण्याला गेल्यावर जिना गेला आणि त्याबरोबर हे वाक्यही गेलं. त्यांच्या शीटमध्ये फक्त "डिझाइन: मंगळवार" एवढं असायचं. मंगळवारचं बुधवार सकाळी दिलं तर एका रात्रीचा फरक, एवढंच त्यांना दिसत होतं. मागावर त्या एका रात्रीचा आठवडा होत होता. मॅडमच्या कामात हयगय नव्हती. आपल्या उशिराची किंमत किती, हे कळण्याचा रस्ताच बंद झाला होता.

अण्णांनी का सांगितलं नाही? मी विचारलं. ते म्हणाले, "मी तर वाटच बघायलोय. ग्रुपवर सगळे शिकलेले. इंग्रजीत मोठमोठं लिहितात. त्यात मी काय टाकू?" अण्णांच्या घरात तेलुगू, मागावर मराठी आणि तेलुगू. डाइंग मास्टर घरी कानडी. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला तीन भाषांत व्यवहार करणं अवघड नसतं, पण तो व्यवहार तोंडी असतो. लेखी इंग्रजी हा आभासी टीमनं नकळत घातलेला उंबरठा होता, आणि मागाविषयी सर्वांत जास्त कळणारी दोन माणसं त्याच्या बाहेर उभी होती. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकलं ते हेच.

दुसरी जागा इचलकरंजीची, आणि ती जास्त गुंतागुंतीची. पाईलच्या फाशांची एक ओळ तयार व्हायला साधारण तीन पिकं, म्हणजे तीन आडवे धागे, लागतात. कागदावर किंवा स्क्रीनवर जी रेघ बारीक, नाजूक दिसते, ती फाशांत एकाच ओळीची झाली तर धुरकट होते आणि धुतल्यावर दिसेनाशी होते. मॅडमच्या चित्रांत अशा रेघा यायच्या. कॅड ऑपरेटर त्या मुकाट्यानं जाड करायचा, बॉर्डरचं गणित पुन्हा बसवायचा. पहिला हंगाम त्यानं हे स्वतःहून केलं. कुणाला कळलं नाही, त्यामुळे कुणी आभार मानले नाहीत आणि चित्रही सुधारलं नाही. डिझाइनमागे ठरलेले पैसे, आणि दुरुस्तीचा वेळ त्याचा फुकट. दुसऱ्या हंगामात त्यानं जशी रेघ आली तशी फाईल करायला सुरुवात केली. नमुने बिघडले, मालक म्हणाले, "तोही ढिला पडला."

दुसऱ्याचं उणं भरून काढण्यासाठी माणूस काही काळ जास्त राबतो. आपण राबतोय आणि बाकीचे आपल्यावर निवांत आहेत, असं वाटायला लागलं की तोच माणूस हात आखडता घेतो. नॉर्बर्ट कर यांनी 1983मध्ये प्रयोगांतून हे दुसरं वळण दाखवलं होतं. त्याच वर्षी कर आणि ब्रून यांनी आणखी एक गोष्ट मांडली: आपल्या वाट्यावाचून काही अडणार नाही असं वाटलं की जोर घटतो. इचलकरंजीच्या त्या मुलाबाबत दोन्ही एकदम झालं. त्याला वाटत होतं की आपल्या दुरुस्तीनं कुणाला फरक पडत नाही. खरं तर सगळा नमुना त्याच दुरुस्तीवर उभा होता. एकत्र बसणाऱ्या माणसांत असा गैरसमज चहाच्या वेळी फिटतो. त्याला कुणी चहालाच बोलावलं नव्हतं, तो त्या छताखाली कधी आलाच नव्हता.

तिसरी जागा लहान, पण तिनं एक ऑर्डर घालवली. डाइंग मास्टर छटेच्या लॅब डिपचा, म्हणजे आधी रंगवून पाहिलेल्या छोट्या नमुन्याचा, फोटो मोबाइलवर पाठवायचे. मुंबईच्या मॅडम त्यावर अंगठा टाकायच्या. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ "पाहिलं". मास्टरांच्या लेखी "मंजूर". सूत रंगून गेलं. मोबाइलच्या फोटोवर छटा ठरवू नये, ठरलेल्या उजेडात प्रत्यक्ष नमुना ताडून पाहावा, हे त्या दोघांनाही उत्तम ठाऊक आहे. प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्यानं ते केलंय.

आणि संक्रांतीचा घोटाळा. मुंबईच्या मॅडमनी खरेदीदाराला 16 जानेवारी ही तारीख दिली. सोलापुरात त्या दिवसांत सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे जत्रा. खात्यातले कामगार सुट्टीवर जातात, आणि जाणारच. मॅडम ग्रुपवर विचारत राहिल्या, उत्तर आलं नाही, आणि त्यांनी त्या शांततेचा अर्थ बेपर्वाई असा लावला. पुण्यातल्या मॅडम सोलापूरच्याच, त्यांना यात्रा ठाऊक होती, पण मुंबईला ती ठाऊक नसेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. कॅथरिन क्रॅम्टन यांनी 2001मध्ये विखुरलेल्या टीमांचा अभ्यास करून हेच टिपलं होतं. दूरची माणसं एकमेकांची परिस्थिती गृहीत धरतात, शांततेचे अर्थ वेगवेगळे लावतात, आणि परिस्थितीचा दोष माणसाच्या स्वभावावर टाकतात. यात्रेला गेलेल्या माणसाला आळशी ठरवणं हे त्याचं ठळक उदाहरण.

बदल मोठे नव्हते. हजेरी आणि स्क्रीनशॉट बंद झाले. मालकांना हे जड गेलं, पण त्यांनी एका हंगामापुरतं मान्य केलं, आणि शब्द पाळला. शीटमधल्या "कुणाचं काम" या रकान्याच्या शेजारी एक नवा रकाना आला: "कोण थांबलंय आणि कधीपर्यंत". तो भरायचा थांबणाऱ्यानं, काम करणाऱ्यानं नाही. अण्णांसाठी ते बोलून पाठवायचं: "निळ्या-पांढऱ्याचं बीम गुरुवारी दुपारी उतरतंय. फाईल बुधवारी रात्री हवी. नाही तर पुढचं सोमवारी." पुतण्या ते ऐकून शीटमध्ये घालतो. ग्रुपची भाषा मराठी झाली, मुंबईच्या मॅडमसह. खरेदीदाराचे इंग्रजी निरोप त्या आता दोन ओळींत मराठीत सांगून मगच मूळ पत्र जोडतात. छटेबाबत अंगठा चालत नाही. "मंजूर" किंवा "नामंजूर" असं लिहायचं, आणि तेही लॅब डिप कुरिअरनं हातात पडल्यावर.

कॅड ऑपरेटरनं केलेली प्रत्येक दुरुस्ती आता फाईलबरोबर एका ओळीत येते आणि ती मॅडमना जाते. पहिल्यांदा ती यादी पाहून मॅडम गप्प झाल्या. मग त्यांनी त्याला फोन केला आणि तो बराच वेळ चालला. पुढच्या चित्रांत बारीक रेघा जवळजवळ दिसल्या नाहीत. यासाठी त्याचे पैसे वाढवले का, असं मला विचारलं जातं. त्या वेळी नाही, दुरुस्तीचा वेगळा दर नंतर ठरला. पण त्याच्या कामात फरक दर ठरायच्या आधी पडला, हे मी नोंदवून ठेवतो.

एक खर्च मात्र पुतण्यानं आग्रहानं केला. हंगामाच्या सुरुवातीला पुण्याच्या मॅडम, मुंबईच्या मॅडम आणि इचलकरंजीचा मुलगा या तिघांना एक दिवस सोलापुरात आणलं. सभा नाही, सादरीकरण नाही. अण्णांनी त्यांना बीम उतरताना आणि चढताना दाखवलं. एवढ्यासाठी येण्याजाण्याचे पैसे का, असं मालक विचारत होते. माझ्या मते त्या हंगामातला सर्वांत योग्य जागी गेलेला पैसा तोच. आता शीटमध्ये "बीम गुरुवारी" असं वाचताना त्या तिघांच्या डोळ्यांसमोर एक माग आणि एक माणूस उभा राहतो.

पुढच्या हंगामात बहुतेक नमुने ठरल्या तारखेला गेले. गप्प झालेला खरेदीदार लगेच परतला नाही, पण त्यानं पुन्हा चौकशी सुरू केली. हे सगळं शीटमुळे झालं असा दावा मी करणार नाही. त्या हंगामात सुताचा पुरवठा सुरळीत होता आणि एक माग नमुन्यांसाठी तुलनेनं मोकळा मिळाला, याचाही वाटा आहे.

एका ठिकाणी मात्र काहीच बदललं नाही. कॅटलॉग करणारी मुलगी. तिचं काम साखळीच्या शेवटी. तिच्यापुढे टीममधलं कुणी थांबलेलं नसतं, थांबलेलं असतं ते फक्त संकेतस्थळ. "कोण थांबलंय" हा रकाना तिच्यासाठी रिकामाच राहिला आणि तिचं काम पूर्वीसारखंच मागेपुढे होत राहिलं. तिच्यात हुशारी कमी नाही. फोटोत फाशांचा पोत दिसावा म्हणून उजेड कुठून घ्यायचा, हे तिनं स्वतः शोधून काढलंय. पण तिच्या फोटोवरून कुणी काय विचारलं, कुणी काय घेतलं, हे तिच्यापर्यंत पोचतच नाही. मुंबईच्या मॅडमनी खरेदीदाराचे फोटोविषयीचे शेरे तिला थेट पाठवावेत, असं मी सुचवलंय. अजून ते नियमित झालेलं नाही, आणि झालं पाहिजे. सातांतली ती वयानं सर्वांत लहान, आणि अशी मुलं कंटाळून निघून जातात तेव्हा त्याची कुठं नोंदही होत नाही.

सध्या घरात एक वाद चालू आहे. तारखा पाळल्या जातात हे पाहून मालकांना वाटतंय की हीच शीट आता पैशाला जोडावी. तारीख चुकली तर कपात, पाळली तर बक्षीस. पुतण्या म्हणतो, "काका, आज अण्णा खरी तारीख सांगतात. उद्या त्यावर कुणाचे पैसे कापले जाणार असतील तर ते दोन दिवस वाढवून सांगतील, आणि मॅडम त्याहून दोन दिवस वाढवून मागतील." मालकांचं उत्तर असं की चांगलं काम करणारा आणि न करणारा यांना एकच मोबदला देणं हाही अन्यायच आहे. त्यात तथ्य आहे, इचलकरंजीच्या मुलानं हात आखडता घेतला तो याच भावनेनं. मी पुतण्याच्या बाजूनं कौल दिला: बक्षीस पूर्ण नमुना मंजूर झाल्यावर सातही जणांना द्यावं, जादा पडलेल्या कामाचे पैसे दुरुस्तीच्या दरासारखे वेगळे मोजावेत, आणि तारखांच्या रकान्याला पैशाचा स्पर्श होऊ देऊ नये. मालकांनी अजून होकार दिलेला नाही. पुढच्या हंगामाचे दर ठरवायला बसतील तेव्हा हा प्रश्न पहिला असेल, आणि त्या बैठकीला अण्णांनाही बोलवायचं एवढं तरी ठरलंय.